बावीस टोप्या

खिडकीच्या ग्रिलला तोंड लावून मी आत पाहिलं, तेव्हा कोठीच्या बंद दाराखालच्या फटीतून चार बोटं बाहेर आलेली दिसली. लहान बोटं. नखांना लाल रंग होता, मुंबईहून आलेल्या कुठल्या तरी पोरीने आदल्या दिवशी हौसेने लावलेला. बोटं हलत नव्हती.

मी हाक मारली. नाव घेऊन मारली. "बाय गो, हात हलव जरा," म्हटलं. बोटं तशीच.

इमारत नवी होती, त्याच दिवशी सकाळी उद्घाटन झालेलं. मोठा दरवाजा लोखंडी, त्याला मुठीएवढं कुलूप. हॉलवर स्लॅब होता, पण मागे तांदूळ-डाळ ठेवायची कोठी होती, तिच्यावर नुसता पत्रा. कोठीला खिडकी नाही. उंदीर आणि चोर येऊ नयेत म्हणून. शिमग्यातलं ऊन, दोन वाजून गेलेले आणि त्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, सावलीला एक झाड नाही. मागच्या बाजूला जाऊन मी पत्र्याच्या कडेला हात लावला तर चटका बसला. मुलगी तीन वर्षांची होती आणि साडेअकरापासून आत होती. कोठीची कडी मी माझ्या हाताने लावली होती.

पडलेला चिऱ्याचा तुकडा घेऊन कुलपावर घातला. चिरा फुटला, कुलूप जागच्या जागी. दुसरा घातला, तोही फुटला. किल्ली खाली वाडीत मंडळाच्या सेक्रेटरीच्या कमरेला होती आणि सेक्रेटरी त्या वेळी देवीची पालखी नाचवत होता.

ही वेळ कशी आली ते सांगायचं तर आमची अंगणवाडी आधी कुठे भरत होती तिथपासून सांगावं लागतं.

आमची वाडी मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाला. रत्नागिरीचे साहेब आमच्या भागाला दुर्गम म्हणतात. आम्हाला तो कधी दुर्गम वाटला नाही, आम्ही तिथेच असतो. इथून आम्हाला साहेबच दुर्गम वाटतात. एकवीस वर्षं ही अंगणवाडी माझ्या पडवीत भरली. मी मदतनीस. चौथीपर्यंत शिकलेली, आणि खिचडी शिजवायला, नाकं पुसायला, पोरांना घरून आणून परत घरी पोचवायला तेवढं शिक्षण पुरतं. शिकवायला सेविका. तिला सगळे बाई म्हणत. ती तालुक्याहून येई, एसटी आली तर.

कागदावर वेळ नऊ ते एक. माझ्या पडवीत वेळ एकच होती, आया परत येईपर्यंत. पुरुष मुंबईला, आणि आंब्याच्या दिवसांत बायका केळशीच्या बागांत. सकाळी सातला टेम्पो येऊन त्यांना घेऊन जायचा. दिवसभर आंबे निवडायचे, पेंढा घालून पेट्या भरायच्या, संध्याकाळी साडेपाचला टेम्पो परत. पोरं सातला माझ्या पडवीत पडायची, काही तर झोपेतच. याला बालसंगोपन म्हणतात हे मला पुढे एका फलकावर वाचून कळलं. आम्ही त्याला काही म्हणत नव्हतो.

पोरं नऊ होती. पटावर बावीस. उरलेली तेरा मुंबईला राहत आणि वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, वाडीत दिसत. त्यांची नावं मंडळाने घालायला लावली होती, कारण पट कमी दिसला तर अंगणवाडी पलीकडच्या गावाला जोडतात. बाई रोज बावीस जणांची हजेरी मांडायची. न आलेल्या पोरांची वजनंसुद्धा दर महिन्याला थोडी थोडी वाढायची. मुंबईतली ती पोरं आमच्या वहीत इतकी छान वाढत होती की त्यांच्या आयांनी बघावं.

मंडळ म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाहेरच्यांना सांगते. आमच्याकडे प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं. वाडीतून गेलेले पुरुष रविवारी कुठल्या तरी शाळेच्या वर्गात जमतात आणि वाडीची विहीर कुठे खणायची, रस्ता कुठून काढायचा, देवळाला रंग कोणता द्यायचा ते ठरवतात. वाडीत राहतात बायका. बायकांना निर्णय फोनवर कळतो. कधी तोही कळत नाही, सरळ ट्रकमधून चिरे येऊन पडतात, मग कळतं काहीतरी ठरलंय.

तसेच एक दिवस चिरे आले. उत्तरेकडच्या दुर्गम भागात बालशिक्षण सुधारायचं असं सरकारने काढलं होतं आणि आमच्या वाडीला आदर्श अंगणवाडी मंजूर झाली होती. आता ती बांधायची कुठे? वाडीत बांधायची तर जमीन सगळी सामायिक, एकेका सातबाऱ्यावर तीस तीस नावं. त्यातली निम्मी माणसं मुंबईत एकमेकांचं तोंड बघत नाहीत, सह्या कोण देणार? मंडळाच्या अध्यक्षाचा एक तुकडा मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर होता. वर सड्यावर, नुसता कातळ. ज्यावर त्याच्या बापाने कधी गुरंसुद्धा नेली नाहीत तो कातळ त्याने पोरांसाठी दान केला आणि दानशूर म्हणून भिंतीवर पाटी बसवून घेतली. पाटी दरवाजापेक्षा आधी बसली.

वाडीपासून वर जायला दीडशे-दोनशे पायऱ्यांची पाखाडी. तीन वर्षांच्या पोराला ती चढायला लावायची.

सेक्रेटरी बांधकाम बघायला आला होता तेव्हा मी त्याला विचारलं. सेक्रेटरी म्हणजे आमच्याच वाडीतला, माझ्या डोळ्यांदेखत नागडा फिरलेला. मुंबईत कुठल्याशा ऑफिसात आहे.

"काय रे, वर पाणी कुठलं?"

"काकी, पाइपलाइन प्रस्तावित हाय."

"म्हणजे हाय का नाय?"

"प्रस्तावित हाय."

"मग खिचडी पण प्रस्तावितच शिजवू काय?"

तो हसला. "काकी, तुमचं आपलं काहीतरी. जरा मोठा विचार करा. पोरांना वातावरण पाहिजे."

वातावरण झालंच. भिंतीवर जिराफ काढला, हत्ती काढला, बर्फाचं घर आणि त्याच्यापुढे काळे-पांढरे पक्षी काढले. माणूस कोल्हापूरचा होता रंगवायला, त्याला विचारलं, फणस काढलास तर काय बिघडेल? तो म्हणाला, डिझाइन वरून आलंय. हात धुवायला माशाच्या आकाराचं बेसिन बसवलं. नळ पिरगळला की आतून नुसती हवा यायची. आमच्या बाईला हे सगळं फार आवडलं. तिला तिथे खुर्ची मिळणार होती, माझ्या पडवीत ती वळकटीवर बसत होती.

उद्घाटनाचा दिवस मंडळाने शिमग्यात धरला. त्यात त्यांची हुशारी होती. त्या चार दिवसांत मुंबईची तेरा पोरं वाडीत असतात. पटावरची बावीस आणि जमिनीवरची बावीस, वर्षात तेवढेच दिवस जुळतात.

सकाळी मी बावीस पोरांना घेऊन पाखाडी चढले. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या पुठ्ठ्याच्या टोप्या, बाईने दोन दिवस बसून केलेल्या. बरोबर बावीस. एकेक टोपी मी माझ्या हाताने घातली होती. ती मुलगी सगळ्यांत लहान, तिला टोपी मोठी झालेली, नाकापर्यंत आलेली. तिची आई केळशीला गेली होती. शिमगा असला म्हणून आंबा पिकायचा थांबत नाही, आणि बागवालाही थांबत नाही.

या मुलीचं घर म्हणजे ती आणि तिची आई. बाप मुंबईला, त्या शिमग्यालाही आला नव्हता, सासू-सासरे नाहीत. आई टेम्पोत बसली की ती माझी. फार रडायची नाही. एखादी वस्तू मनात भरली तर हट्ट न करता मुकाट्याने तिच्या मागे मागे जायची. मांजर गेलं तर मांजरामागे.

वर दोन गाड्या आल्या होत्या. साहेब आले, बाया-साहेब आल्या. भाषणं झाली. बालकांचा सर्वांगीण विकास, असं प्रत्येक जण एकदा तरी म्हणाला. पोरं तासभर उन्हात उभी. मग फोटो. फोटोसाठी प्रत्येक पोराच्या हातात एकेक खेळणं द्यायचं ठरलं. खेळणी खोक्यात आलेली, प्लास्टिकची, चांगली. त्या मुलीच्या हातात निळा घोडा आला.

इतक्यात अध्यक्षाच्या नातवाने भोकाड पसरलं. आठ वर्षांचा घोडा, पटावर त्याचं नाव नाही, त्याचा काही संबंध नाही. त्याला टोपी पाहिजे. आजोबा बघतायत, साहेब बघतायत. सेक्रेटरी पुढे झाला आणि जवळच उभ्या त्या मुलीच्या डोक्यावरची टोपी काढून त्याने नातवाच्या डोक्यावर ठेवली.

"अरे, तिची हाय ती," बाई एवढं म्हणाली.

"असूं दे हो. तिला काय कळतंय? एवढीशी हाय ती. फोटोत दिसायची पण नाय."

मी बघत होते. साहेब लोक होते, तोंड कशाला उघडा, असं वाटलं. एरवी माझं तोंड सगळ्या वाडीला माहीत आहे, त्या दिवशी नेमकं बंद राहिलं.

फोटो झाले आणि खेळणी लगेच परत घेतली. एकेकाच्या हातातून ओढून खोक्यात. "मोडून टाकतील," सेक्रेटरी म्हणाला. "परवा मोठे साहेब येणार हायत, तोपर्यंत सगळं जसंच्या तसं पाहिजे. एकाही पोराला आत सोडायचं नाय." खोका कोठीत गेला. पोरं रडली, त्यांना लाडू दिले. बाईला साहेबांच्या गाडीतून तालुक्याला जेवायला जायचं होतं, तिला घाई. "मावशी, कोठी लावून घ्या हं," म्हणाली. मी कोठीचं दार ओढलं आणि कडी लावली. तांदळाच्या पोत्यांच्या मागे वाकून बघितलं नाही. दुसरं कारण नाही, नाही बघितलं एवढंच. सेक्रेटरीने बाहेरच्या दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली लेंग्याच्या नाडीला बांधली.

पोरं ओळीने पाखाडी उतरायला लागली. मी मागे. वरून मला दिसत होत्या त्या टोप्या. मी मोजल्या. बावीस. पाखाडीच्या मध्यावर पुन्हा मोजल्या. बावीस. हिशेब बरोबर आला म्हणून मला बरंसुद्धा वाटलं, आणि खाली पोचल्यावर सेक्रेटरीला मी तसं सांगितलंही.

खाली ढोल वाजत होता. पालखी घरं घेत होती. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी घराघरांत जाते, प्रत्येकाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नाचवतात, मग ओटी भरायची, नारळ द्यायचा. मुंबईची पोरं आपापल्या घरी पळाली आणि आमचीही त्यांच्यामागे ढोल बघायला पळाली. मी पडवीत खिचडी काढून ठेवली, दोघं आली, तिघं आली, खाऊन परत गेली. एक वाजता ओरडून सगळ्यांना आणली आणि गोधड्यांवर आडवी केली. आठ भरली.

असेल ढोलाजवळ, म्हणून गेले. नव्हती. घरोघर विचारलं. शिमग्यात पोर हरवलं असं कोणी मानत नाही. "असेल गो कुठंतरी, मुंबईची पोरं असतील घेऊन गेली." "आमच्याकडे मघाशी करंज्या खात होती बघ," असं एकीने छातीठोक सांगितलं, ती दुसरीच मुलगी निघाली. विहिरीत वाकून बघितलं. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, उतरून आले, पऱ्या सुकलेला, दगड तेवढे. असा तास गेला.

मग अध्यक्षाच्या खळ्यात त्याचा नातू दिसला. डोक्यावर पिवळी टोपी. मी तिथेच उभी राहिले. ती टोपी मी मोजली होती. दोनदा मोजली होती.

त्यानंतर मी पाखाडी चढले, आणि वर काय दिसलं ते सुरुवातीलाच सांगितलं आहे.

चिरे मारून झाल्यावर मी खाली पळाले. चौसष्टाव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढं. पालखी तेव्हा तिसऱ्या घराच्या खळ्यात होती. चौघांनी खांद्यावर घेतलेली, डुलवत, गोल फिरवत. पुढच्या दांड्याला सेक्रेटरी, कपाळभर गुलाल, डोळे अर्धे मिटलेले. अध्यक्ष खुर्चीवर.

मी सरळ आत घुसले.

"किल्ली दे."

"काकी, बाजूला व्हा! पालखी हाय!"

"पोर कोठीत कोंडलंय. किल्ली दे."

"कुठलं पोर? बावीसच्या बावीस उतरली, तुम्हीच सांगितलंत."

"मी खोटं सांगितलं. किल्ली दे."

"अहो, नाचतीय देवी. एवढी ओटी भरू दे, पालखी खाली टेकली की देतो. मध्येच सोडायची नसते, काय तुम्हाला माहीत नाय?"

मला माहीत होतं. मध्ये सोडायची नसते, बाईमाणसाने मध्ये शिरायचं नसतं, हात लावायचा नसतो. खुर्चीवरून अध्यक्ष ओरडला, "अहो, हिला बाजूला घ्या कोणीतरी! वेड लागलंय काय हिला?"

सेक्रेटरीचे दोन्ही हात वर दांड्याला होते. मी त्याच्या सदऱ्याखाली हात घातला आणि नाडी ओढली. गाठ सुटली. किल्ली माझ्या हातात आली आणि लेंगा त्याच्या गुडघ्यावर गेला. त्याने एक हात सोडून लेंगा धरला, पालखी एका बाजूला कलली, बायका किंचाळल्या. वाडीला आजही त्या दिवसातलं तेवढंच आठवतं. मुंबईत अजून सांगतात म्हणे, हसतात.

ढोल थांबला होता. ढोलवाला म्हणजे पलीकडच्या घरातला, पन्नाशीचा, चिरे काढायच्या कामावरचा माणूस. त्याने ढोल गळ्यातून काढून खाली ठेवला. "वयनी, किल्ली इकडं द्या, माझे पाय लांब हायत," म्हणाला, आणि माझ्या हातातून किल्ली घेऊन पळत सुटला. खळ्यात पन्नासेक माणसं होती. पळाला तो एकटा.

मी वर पोचले तेव्हा त्याने तिला हॉलमध्ये आणून नव्या चटईवर ठेवलं होतं. अंग कोरडं आणि तापलेल्या तव्यासारखं. ओठ पांढरे. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते. बेसिनला पाणी नाही हे मला ठाऊक असूनही मी जाऊन नळ पिरगळला. माणूस अशा वेळी मूर्खच होतं. मग टेबलावर बघितलं, साहेबांनी दोन दोन घोट पिऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या ओळीने पडल्या होत्या. आदर्श अंगणवाडीत तेवढंच पाणी होतं. ढोलवाल्याने ते तिच्या डोक्यावर, मानेवर, पोटावर ओतलं. मी पदर भिजवून काखा पुसल्या. वारा घातला. तोंडात बोट घालून दात उघडायला गेले तर ती चावली. चांगलं रक्त काढलं. तेव्हा मी ढोलवाल्याला म्हटलं, "जिवंत हाय."

मग ती ओकली. सकाळचा लाडू.

खालून आता माणसं येऊन भिंतीला टेकून उभी राहिली होती. सड्यावरच्या रस्त्याला एकच गाडी उभी होती, अध्यक्षाची. अध्यक्ष म्हणाला, "ड्रायव्हर जेवायला गेलाय, आला की नेऊ. आणि तिला पुसून घ्या जरा, ओली हाय." ढोलवाल्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने मुलगी मागच्या सीटवर ठेवली, ओल्या अंगाने, ओकारीसकट, मला आत ढकललं आणि अध्यक्षाच्या मुलाला म्हणाला, "तू चालव."

आरोग्य केंद्रात डॉक्टर होता, हे एक आमचं नशीब. शिमग्यात असतोच असं नाही. त्याने सलाइन लावलं, ओली फडकी घातली. मग कागद पुढे ओढून मला विचारलं, "आजी, मूल कोठीत कसं गेलं?"

"खेळण्यामागे गेलं. मी कडी लावली."

"बघितलं नाही?"

"नाय."

तो काय लिहीत होता ते मला दिसत होतं. मला वाचता येतं. 'निष्काळजीपणा' लिहिलं होतं त्याने. बरोबर लिहिलं होतं.

सहाच्या सुमाराला तिची आई आली. टेम्पोतून उतरली तशी धावत, केसांत पेंढा, हातांना आंब्याचा चीक. मुलगी तोवर झोपली होती, साधी झोप. आईने तिचे पाय दाबून बघितले, पोट बघितलं, लाल नखं बघितली. मग माझ्याकडे वळली. मी तिला सगळं सांगितलं. टोपीचं सांगितलं, पोत्यांचं सांगितलं, कडीचं सांगितलं. "मी टोप्या मोजल्या, पोरं मोजली नाय," म्हटलं.

"काकी," ती म्हणाली, "तुमच्या भरवशावर टाकून जात होते मी." मग पुन्हा मुलीचे पाय दाबत बसली.

दुसऱ्या दिवशी सहाणेवर, म्हणजे जिथे पालखी टेकते त्या चौथऱ्यापुढे, बैठक भरली. मला वाटलं मुलीचं काढतील. मुलीचं कोणी काढलं नाही. विषय होता पालखी कलल्याचा. देवीला खांद्यावरून हलवलं, आता वाडीवर काय येईल, यावर पुरुष दीड तास बोलले. शेवटी ठरलं की मी नारळ ठेवून सगळ्यांपुढे चूक कबूल करायची आणि गुरवाने गाऱ्हाणं घालायचं.

"नारळ ठेवीन," मी म्हटलं. "देवीपुढे ठेवीन, पोर जगलं म्हणून. लेंग्याबद्दल नाय ठेवणार."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सेक्रेटरी लाल झाला. "काकी, थट्टेवारी नको. देवाधर्माचा प्रश्न हाय."

"मग कोठीला खिडकी पाड."

"प्लॅनमध्ये खिडकी नाय."

"पोर कोंडायचं होतं काय प्लॅनमध्ये?"

तेवढ्यात मागून मुलीची आई उठली. मुलगी तिच्या कडेवर. आमच्या बैठकीत सुना बोलत नाहीत, आणि ही कधीच बोलली नव्हती. ती माझ्या बाजूने उठली असं मला क्षणभर वाटलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"मला एक सांगा," ती अध्यक्षाला म्हणाली. "मी उद्या सातला टेम्पोत बसायची. हिला कुठं ठेवू?"

अध्यक्ष म्हणाला, "अगं, एवढी सुंदर अंगणवाडी बांधलीय तुमच्यासाठी."

"ती नवाला उघडते, एकाला बंद होते. सात ते नऊ कुठं ठेवू? एक ते साडेपाच कुठं ठेवू?"

"त्याचं असं कर, एक निवेदन दे. मुंबईच्या बैठकीत ठेवू."

"तोपर्यंत हिला घेऊन तुमच्या घरी बसू काय?"

सेक्रेटरीने वही उघडून 'निवेदन' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

ती मुलीला माझ्याकडे ठेवायला तयार नव्हती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती तिला केळशीला घेऊन जायला लागली. पेट्यांच्या आडोशाला पेंढ्यात बसवायची. पंधरा दिवस मी रोज सातला पडवीत उभी राहायची. बाकीच्या आठ जणी पोरं सोडायच्या, ही माझ्या दारावरून कडेवर मुलगी घेऊन पुढे जायची. मान वळवायची नाही.

वर सड्यावर एकीनेही पोर पाठवलं नाही. तसं त्यांनी कुठे बसून ठरवलं नव्हतं, निवेदनही दिलं नाही. पाठवलं नाही, बस्स. मोठे साहेब आले तेव्हा बाईने त्यांना बर्फाचं घर दाखवलं. पोरं का नाहीत म्हणून त्यांनी विचारलं, तर सेक्रेटरीने सांगितलं की गावाकडच्या पालकांत अजून शिक्षणाबद्दल जागृती नाही. साहेबांनी मान हलवली. जागृतीसाठी एक शिबिर मंजूर झालं. शेवटी बाई हजेरीपट घेऊन पुन्हा माझ्या पडवीत आली, वळकटीवर बसली. नव्या इमारतीत आता मंडळाच्या खुर्च्या आणि मांडवाचे बांबू असतात. वर्षातून एकदा खुर्च्या बाहेर काढतात, पोरांना वर नेतात, फोटो काढतात. खिडकी अजून नाही.

मी रिटायर झाले तरी पोरं माझ्याकडेच पडतात. नवी मदतनीस नऊला येते. आता मी पोरं हाताने मोजते, प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारून. काही आयांना ते आवडत नाही. न आवडू दे.

त्या वर्षी, सोळाव्या दिवशी बागवाल्याने त्या आईला सांगितलं की पोर आणायचं नाही, आंब्यावर बसतं. दुसऱ्या दिवशी सातला ती माझ्या पडवीसमोर थांबली. टेम्पो हॉर्न मारत होता. तिने मुलीला कडेवरून उतरवलं, माझ्यापुढे उभं केलं.

"एक," ती म्हणाली.

"एक," मी म्हटलं.

ती गेली. मला तिने माफ केलं असं नाही. तिला दुसरी जागा नव्हती. अजूनही ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि मीही जास्त बोलायला जात नाही.

मुलगी आता तिसरीत आहे. त्या दुपारचं तिला काही आठवत नाही म्हणते. उन्हात फार वेळ राहिली की डोकं दुखतं, एवढंच. साडेतीन तास ती कोठीत होती, आणि ती जगली.